कुलूप आहे, पण घर कुणाचं?

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा बहुतेक गाडीमालकांनी आधी गूगल उघडलं. समोर आलेल्या लिंकमध्ये खरी संकेतस्थळं होती आणि हुबेहूब तशीच दिसणारी बनावटही. परिवहन विभागाला लोकांना सावध करावं लागलं. त्यात आणखी एक मेख होती. हे काम तीन खासगी कंपन्यांना वाटून दिलेलं असल्यामुळे नोंदणीच्या खऱ्या पानाचा पत्ताही 'डॉट गव्ह डॉट इन'नं संपत नव्हता. मग ओळखायचं कशावरून?

'नीट बघितलं की कळतं' हे उत्तर इथे पुरत नाही. बनावट पान करणाऱ्यानं बोधचिन्ह, रंग, अर्जाचे रकाने, सगळं खऱ्या पानावरूनच उचललेलं असतं. पान कसं दिसतं यापेक्षा आपण तिथे कोणत्या वाटेनं पोहोचलो आणि ती वाट दाखवली कुणी, हे जास्त महत्त्वाचं. आपल्यातले बरेच गैरसमज मात्र दिसण्यावरच बेतलेले आहेत.

गैरसमज : पत्त्याशेजारी कुलूप दिसलं, म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित.

वस्तुस्थिती : कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर सांकेतिक रूपात जातो, मधला कुणी तो वाचू शकत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, याबद्दल कुलूप काहीच बोलत नाही. दाराला कुलूप असलं, तरी घर कुणाचं ते कुलपावरून कळत नाही, तसंच हे. कुलपामागचं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्था फुकट देतात, तेही काही मिनिटांत. मागणाऱ्याचा त्या पत्त्यावर ताबा आहे का, एवढंच त्या तपासतात. गूगलच्या एका पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना सांगता आला. सप्टेंबर 2023 मध्ये क्रोम ब्राउझरनं ते चिन्हच बदलून टाकलं. कनेक्शन असुरक्षित असल्याचा इशारा दिसला तर परत फिरावं. इशारा नसला, तरी खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते.

गैरसमज : पत्त्यात बँकेचं किंवा सरकारी खात्याचं नाव आहे, म्हणजे ते खरंच.

वस्तुस्थिती : पत्त्यातलं नाव कुठे आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यामागच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा, कारण पत्त्याचा मालक शेवटी असतो. 'ई-चलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन' हे सरकारचं. पण 'परिवहन डॉट गव्ह-इन डॉट कॉम' असं काही दिसलं, तर त्याचा मालक 'गव्ह-इन डॉट कॉम' विकत घेणारा कुणीही असू शकतो. डॉटच्या जागी छोटी आडवी रेघ आली, की पत्ता पार बदलतो. फोनच्या पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर बोट टेकवून तो पूर्ण पाहावा.

शेवटच्या अक्षरांबद्दलही घोळ आहे. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' आणि नुसतं 'डॉट इन' हे पत्ते काहीशे रुपयांत कुणालाही मिळतात. 'डॉट गव्ह डॉट इन' मात्र सरकारी यंत्रणांनाच मिळतो. बँकांसाठीही आता अशीच राखीव सोय आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये 'डॉट बँक डॉट इन' जाहीर केलं आणि बँकांना त्यावर येण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. म्हणून आता स्टेट बँकेचा पत्ता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' असा दिसतो.

याचं उलट मात्र खरं नाही. राखीव शेपूट नसलेलं प्रत्येक संकेतस्थळ खोटं नसतं. महावितरणचं 'महाडिस्कॉम डॉट इन' आणि रेल्वे तिकिटांचं 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन' ही दोन्ही अधिकृत आहेत. अशा वेळी मूळ घरापासून निघावं. नंबरप्लेटसाठी राज्याच्या परिवहन विभागाचं संकेतस्थळ उघडून तिथल्या लिंकनं पुढे जावं. वीजबिलासाठी छापील बिलावरचा पत्ता घ्यावा. बँकेसाठी पासबुक किंवा कार्डाची मागची बाजू बघावी.

गैरसमज : गूगलवर सगळ्यात वर आलं, म्हणजे अधिकृत.

वस्तुस्थिती : सगळ्यात वरच्या जागा अनेकदा जाहिरातींच्या असतात. त्यांच्यावर 'स्पॉन्सर्ड' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चारधाम यात्रेच्या तोंडावर, एप्रिल 2025 मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं नेमका हाच इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, यात्रेकरूंची निवासस्थानं, हॉटेल अशा आरक्षणांच्या नावाखाली बनावट संकेतस्थळं सर्च इंजिनवर पैसे भरून जाहिराती करत होती. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं आरक्षण प्रत्यक्षात आयआरसीटीसीच्या 'हेलियात्रा' संकेतस्थळावर होतं.

फोन नंबरांचंही तेच. गूगल मॅप्सवरची माहिती लोकांना सुचवून बदलता येते. बँकेच्या शाखेपुढचा फोन नंबर बदलून ग्राहकांना लुबाडल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे 2018 मध्येच आल्या होत्या. तेव्हा कस्टमर केअरचा नंबर सर्चमधून उचलू नये, हे बरं.

गैरसमज : ओटीपी सांगितला नाही, तर पैसे जात नाहीत.

वस्तुस्थिती : ओटीपी आता विचारावाच लागत नाही. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ ई-चलान' किंवा लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. ती चलान किंवा पत्रिका नसते, ते अख्खं ॲप असतं. इन्स्टॉल करताना त्याला मेसेज वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा' या मेसेजच्या शेवटीही बहुधा फोनचा पडदा दाखवणारं एखादं ॲप घ्यायला लावतात.

जुनी गोष्टही पुन्हा सांगायला हवी. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. एकमेकांकडे पैसे मागणाऱ्या 'कलेक्ट रिक्वेस्ट' 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाल्या. पण जुना सोफा विकत घेणारा 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा' म्हणाला, तर ती फसवणूकच समजावी.

गैरसमज : सुरुवातीला पैसे परत मिळाले, म्हणजे कंपनी खरी.

वस्तुस्थिती : पहिले दोन-पाचशे, कधी दोन-पाच हजार परत येतात, कारण तो भामट्याचा भांडवली खर्च असतो. टेलिग्रामवरचे 'टास्क' असोत की शेअरचं बनावट ॲप, पडद्यावर वाढत जाणारा नफा हे फक्त लिहिलेले आकडे असतात. रक्कम काढायला गेलात, की आधी 'कर' किंवा 'प्रक्रिया शुल्क' भरा म्हणतात. खऱ्या शेअर दलालाची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांना खास यूपीआय आयडीही मिळू लागले आहेत. त्यांत 'ॲट'च्या चिन्हापुढे 'व्हॅलिड' आणि बँकेचं नाव असतं.

खरेदीच्या अनोळखी संकेतस्थळावर 80 टक्के सूट दिसली, तर आधी तळाशी जावं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणं बंधनकारक आहे. तिथे नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल, तर पुढे जाऊ नये.

गैरसमज : फसतात ते म्हातारे नाहीतर अडाणी.

वस्तुस्थिती : 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना फसवलं गेलं. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या एका विद्यार्थ्यानं अशाच 'डिजिटल अटके'त सात लाखांहून अधिक रुपये गमावले. पहिल्याचा अनुभव कमी नव्हता आणि दुसऱ्याला तंत्रज्ञान परकं नव्हतं. भीती, घाई आणि 'कुणाला सांगू नका' हा दम एकत्र आला, की शिक्षण बाजूला पडतं. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक अस्तित्वातच नाही. कुठलाही पोलीस अधिकारी 'तपासणीसाठी' पैसे खात्यात मागवत नाही. तिथेही प्रश्न तोच : हा संपर्क मी केला, की त्यांनी?

गैरसमज : गेलेले पैसे परत येत नाहीत, मग तक्रार कशाला?

वस्तुस्थिती : तक्रारींनुसार 2024 मध्ये देशात सायबर फसवणुकीत 22,800 कोटी रुपयांहून अधिक गेले. त्यातली काही रक्कम वाचते, ती लवकर कळवणाऱ्यांची. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या भाड्याच्या खात्यांत झपाट्यानं फिरवले जातात. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, की ती साखळी जिथे पोहोचली असेल तिथे गोठवण्याची विनंती बँकांकडे जाते. लेखी तक्रारीसाठी 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' आहे.

बँकेलाही लगेच कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पिन ग्राहकानं स्वतःच दिला असला, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. एकदा फसल्यावर 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारेही भेटतात. त्यांना फी देणं म्हणजे दुसऱ्यांदा फसणं.

घाईत पत्ता तपासायचं भान कुणालाच राहत नाही, म्हणून वाट आधीच तयार ठेवावी. बँक, वीज, ई-चलान आणि रेल्वे यांचे खरे पत्ते बिलावरून किंवा पासबुकावरून बघून ब्राउझरमध्ये एकदा साठवून ठेवा. 1930 हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. नंतर मेसेज कितीही खरा वाटला, तरी त्यातल्या लिंकला हात न लावता साठवलेला पत्ता उघडा. चलान खरंच असेल, तर ते तिथेही दिसेल.