चालकाचा मूड ओळखणारी गाडी

चालकाचा राग, ताण, कंटाळा किंवा पेंग ओळखणारी यंत्रणा मुख्यतः चेहरा, आवाज आणि गाडी चालवण्याची ढब यांवरून अंदाज बांधते. स्टिअरिंगजवळचा छोटा कॅमेरा अवरक्त प्रकाशात चेहरा टिपतो, त्यामुळे रात्री किंवा कामशेतच्या बोगद्यातही त्याचे काम अडत नाही. भुवया, पापण्या आणि ओठांच्या कोपऱ्यांची हालचाल संगणक मोजतो.

2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दोन वेगळे धोके भेटतात. मावळात रस्ता बराचसा सरळ आहे. तिथे पहाटे डुलकी लागते. लोणावळ्यापलीकडे खंडाळ्याचा घाट सुरू झाला की उतार, वळणे, पावसाळी धुके आणि सुट्टीच्या दिवशीच्या रांगा यांनी चालक चिडतो, लेन कापू लागतो. जुलै 2024 पासून या महामार्गावरचे कॅमेरे वेग, सीटबेल्ट, लेनची शिस्त तपासतात. पण ते चूक झाल्यावर दंड करतात. गाडीतली यंत्रणा चूक होण्याआधी सावध करू पाहते.

पेंग ओळखणे त्यातल्या त्यात सोपे आहे. ठरावीक वेळात डोळे किती काळ मिटलेले होते, हे प्रमाण बरेच बोलके असते. पेंगुळलेला चालक स्टिअरिंग काही वेळ स्थिर धरतो आणि मग एकदम झटका देतो, तीही खूणच. चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये 2021 पासून पेंगेचा इशारा मिळू लागला. 2024 मध्ये आलेल्या बीई 6 मध्ये चालकावर लक्ष ठेवणारा कॅमेराही आहे.

राग ओळखणे मात्र कठीण. 1978 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची सूची बांधली. एमआयटीच्या रोझालिंड पिकार्ड यांनी 1997 मध्ये भावना ओळखणाऱ्या संगणकांवर पुस्तक लिहिले. तरीही आठ्या म्हणजे राग असे ठाम समीकरण नाही; घाटात समोरून ऊन आले तरी कपाळाला आठ्या पडतातच. म्हणून पेंगेच्या इशाऱ्यावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका रागाच्या निदानावर ठेवणे आज योग्य नाही.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून नव्या गाड्यांत पेंगेचा इशारा सक्तीचा केला. पण फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी भावना ओळखण्यावर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना तेवढी सूट आहे. गाडी हेच ज्यांचे कामाचे ठिकाण आहे, त्या ट्रक आणि बस चालकांच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे.

गाडी घेताना चेहऱ्याची नोंद गाडीतच राहते की कंपनीकडे जाते, हे जरूर विचारावे. आणि पेंगेचा इशारा वाजला, तर रस्त्याच्या कडेला न थांबता पुढच्या फूड मॉलवर गाडी लावून थोडी झोप घ्यावी.