केळीबाग आणि मतदारसंघ : हरिभाऊ जावळे यांची राजकीय वाटचाल

तापी नदी आणि सातपुडा यांच्यामधील यावल-रावेरच्या पट्ट्यात शेती आणि लोकप्रतिनिधित्व यांचा संबंध जुना आहे. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. त्याच्या उभारणीत धनाजी नाना चौधरी अग्रभागी होते. त्यांचे पुत्र मधुकरराव १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष झाले. अशा काँग्रेसी परंपरेच्या मुलखातून भालोदचे शेतकरी हरिभाऊ जावळे १९९९ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या वतीने यावलचे आमदार झाले. या घटनेचा उलगडा केवळ पक्षबदलाच्या लाटेने होत नाही. तेथील पिकाचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते.

खानदेशात केळीच्या लागवडीस बाग म्हणतात, हे सूचक आहे. जून-जुलैतील लागवड ती मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची ती कांदेबाग. वर्ष-सव्वा वर्ष जमीन गुंतवून ठेवणारे हे पीक हिवाळ्याच्या थंडीने खुंटते, मे महिन्याच्या उन्हात करपते आणि पावसाळ्याच्या तोंडावरील वादळात एका तासात आडवे होते. विम्याची भरपाई मिळावयाची तर हवामान केंद्रावरील नोंदीने ठरावीक मर्यादा ओलांडली पाहिजे, आणि ती मर्यादा शासन ठरविते. माल उत्तरेकडे पाठवावयाचा तर सावदा-रावेरच्या स्थानकांवर रेल्वेचे डबे उपलब्ध हवेत. ते देणे केंद्राच्या हाती. भाव व्यापारी जाहीर करतात. तात्पर्य, बागाइतदाराची मेहनत शेतात असली तरी त्याच्या तक्रारींचे उत्तर मुंबईत आणि दिल्लीत असते. म्हणूनच केळी पिकविणारा माणूस राजकारणात शिरतो तेव्हा तो शेती सोडून जातो असे म्हणणे यथार्थ नव्हे. बांधावर न सुटणारा प्रश्न घेऊन तो वरच्या दारी जातो.

जावळे यांच्या बाबतीत हे दार प्रत्येक वेळी पिकाच्या हिशेबाने उघडले असे मात्र नाही. प्रश्नांसाठी पैसे स्वीकारल्याच्या प्रकरणात जळगावच्या तत्कालीन खासदारांचे सदस्यत्व डिसेंबर २००५ मध्ये गेले आणि २००७ च्या पोटनिवडणुकीत जावळे लोकसभेत पोचले. पुढे २००८ च्या पुनर्रचनेत यावल हा विधानसभा मतदारसंघ राहिलाच नाही. तालुक्याचा बराचसा भाग रावेरास जोडला गेला. रावेर या नव्या लोकसभा मतदारसंघातून ते २००९ मध्ये विजयी झाले. २०१४ मध्ये पक्षाने त्यांचे नाव आधी जाहीर केले आणि नंतर उमेदवारी रक्षा खडसे यांना दिली. त्याच वर्षी ते रावेरचे आमदार झाले. त्या निवडणुकीत त्यांनी पराभूत केलेले शिरीष चौधरी हे मधुकररावांचे पुत्र. २०१९ मध्ये त्यांनीच जावळे यांचा पराभव केला. सीमा आणि उमेदवारी या दोन्ही बाबी शेतकरी-पुढाऱ्याच्या हाती किती थोड्या असतात, हे या क्रमावरून ध्यानी येते.

त्यांच्या कार्याचा अधिक टिकाऊ भाग पाण्याच्या प्रश्नाशी निगडित आहे. केळीस बारमाही पाणी लागते आणि ते मुख्यतः भूगर्भातून उपसले जाते. उपसा वाढला तशा विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल गेल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचा एक पाझरता पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. तापीचे पुराचे पाणी खारिया गुटीघाट येथे बंधारा घालून वळवावे, पायथ्याने कालव्यातून न्यावे आणि या पट्ट्यात जिरवावे, अशी महापुनर्भरणाची कल्पना आहे. धरण पाणी साठविते, ही योजना ते जमिनीस परत देते. जावळे यांनी तिचा सातत्याने पाठपुरावा केला. परंतु तापीचे पाणी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सामाईक खोऱ्यातले. त्यामुळे दोन राज्यांच्या संमतीविना बंधारा अशक्य. आणि एका आमदाराच्या कार्यकाळाहून ही संमती दीर्घ ठरली.

१६ जून २०२० रोजी कोविडच्या साथीत मुंबई येथे जावळे यांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे पुत्र अमोल जावळे रावेरमधून विधानसभेवर निवडून आले. योजनेसंबंधीच्या सामंजस्य करारावर उभय राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी भोपाळ येथे स्वाक्षऱ्या केल्या त्या १० मे २०२५ रोजी.