डोळ्याखालचा थेंब

उघडा डोळा, वर तीन टोकदार पापण्या आणि खाली ओघळणारा एकच थेंब. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी गेममालिकेतल्या शीकाह जमातीची ही खूण. हायरूल राज्याच्या राजघराण्याची सावली होऊन जगणारी ही माणसं. त्यांची हकिकत कोणत्याच गेममध्ये सलग सांगितलेली नाही. ती गावोगावच्या बोलण्यातून वेचावी लागते.

१९८६ साली निन्टेन्डोचा पहिला गेम आला तेव्हा ही जमात नव्हतीच. होती फक्त इम्पा, राजकन्या झेल्डाची म्हातारी दाई, आणि तीही गेमसोबतच्या पुस्तिकेपुरती. १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये तीच इम्पा करारी शीकाह योद्धी होऊन अवतरली आणि तिच्यामागे अख्खी जमात उभी राहिली.

इम्पाने आपलं काकारिको गाव गोरगरिबांना खुलं केलं. पवनचक्की, कोंबड्या, मधोमध विहीर. पाहताच जीव रमावा असं गाव. पण त्याच विहिरीच्या तळाशी रक्ताचे डाग आहेत आणि स्मशानाखाली छायामंदिर. साखळदंड, सुळ्यासारखी पाती, कवट्या. हायरूलच्या हावेचा आणि द्वेषाचा रक्तरंजित इतिहास इथे साठला आहे, असं तिथले आवाज सांगतात. सत्यभिंग डोळ्याला लावलं की समोरची भिंत भिंतच नव्हती हे कळतं. राजवाड्याने स्वतःच्या हाताने करू नये अशी कामं इथे उरकली गेली असावीत, असं मला वाटतं. मुलांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या गेममध्ये राज्याचं हे तळघर दाखवायला मोठं धाडस लागतं.

२००६च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये ओस गावात उरते एकटी म्हातारी इम्पाझ, भोवती मांजरं, हाती जपलेला एक ग्रंथ.

मग २०१७चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. दहा हजार वर्षांपूर्वी शीकाहांनी चार महाकाय यंत्रपशू आणि असंख्य यंत्ररक्षक घडवले, गॅनॉन या दुष्ट शक्तीचं संकट परतवलं. या यंत्रांच्या रेखाटनासाठी कलादिग्दर्शक सातोरू ताकिझावा यांनी प्रेरणा घेतली ती जपानच्या प्राचीन जोमोन काळातून, दोरीच्या ठशांनी नटलेल्या मातीच्या भांड्यांच्या काळातून. परक्या ग्रहावरची वाटणारी ती वळणं त्याच मातीतली आहेत.

राज्य वाचलं, आणि राज्यालाच या सामर्थ्याची धास्ती वाटू लागली. जमातीचा छळ झाला. काहींनी यंत्रविद्या टाकून साधं जगणं पत्करलं. काकारिकोतले गाजर-भोपळ्यांचे वाफे त्यांच्या वंशजांचे. काहींनी मनात सल धरून गॅनॉनचीच बाजू घेतली. ते यिगा. त्यांनी तोच डोळा उलटा करून मिरवला.

याच गेममधल्या इम्पाच्या दारावरचा पहारेकरी डोरियन एकेकाळचा यिगा हेर. संसार मांडून त्याने टोळी सोडू पाहिली, तर टोळीने त्याच्या बायकोला मारलं. धाकटी कॉटला अजून लपंडावात आईला शोधते. थोरली कोको आईच्या आठवणीतले पदार्थ रांधून तिला भरवते, आणि रात्री एकटीच आईच्या थडग्यापाशी जाऊन रडते.