क्रेन कुठपर्यंत येते?

साठी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात. माझ्या मेहुण्याला मात्र घरच फिरतं असावं असं वाटू लागलं. मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहून आला तो हे खूळ डोक्यात घेऊनच. तिकडे लोक ‘आरव्ही’ नावाची गाडी घेतात. पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं चाकांवर. जालन्याला परतल्यावर त्यानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली, बाकडी काढली, दोन पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी आणि एक जादा बॅटरी बसवली. गल्लीतली पोरं तिला ‘मामाचा वाडा’ म्हणू लागली.

विम्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्यानं कागद माझ्यापुढे टाकले. ‘दाजी, तुम्ही बँकेतले. रस्त्यात मदत देणारं ते जादा कव्हर घेऊ ना?’ मी हप्त्याचा आकडा पाहिला. मूळ हप्त्याच्या मानानं किरकोळ होता. ‘घेऊन टाक,’ म्हणालो. आकडा पाहिला, अटी पाहिल्या नाहीत. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं!

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही आठ जण त्या वाड्यातून निघालो. जांबसमर्थला समर्थ रामदासांच्या जन्मस्थानाचं दर्शन, मग अंबडला मत्स्योदरी देवी आणि रात्री घरी, असा बेत. घनसावंगी तालुक्याचा हा भाग जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा. दोन्ही बाजूंना ऊस आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. जांब सोडून आतल्या रस्त्यानं निघालो आणि दिवस मावळता मावळता क्लच प्लेट जळाल्याचा वास आला. गाडी जागच्या जागी बसली.

मेहुण्यानं ऐटीत कार्ड काढून नंबर फिरवला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिनं जवळची खूण विचारली. आम्ही सांगितलं, लिंबाचं झाड. तिनं पिन कोड विचारला. तो आठांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. जवळची क्रेन छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास. पन्नास किलोमीटर फुकट, तेही येण्याजाण्याचं मिळून. पुढच्याचे पैसे जागेवर. आणखी वीस मिनिटांनी तिसरा फोन : गाडीची उंची आणि वजन त्या क्रेनला झेपणारं नाही. ‘सर, आप लोकल अरेंजमेंट कर लीजिए.’

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमच्यात मेहुण्याची सहा वर्षांची नात होती आणि तिला दमा आहे. थंडी उतरली तशी तिची छाती वाजू लागली. नेब्युलायझर बरोबर होतं. पण ते ज्या जादा बॅटरीवर चालायचं, तिच्यावर आम्ही दिवसभर पंखा आणि गाणी चालवली होती. लाल दिवा लागला होता. आम्ही पुरुषमंडळी मात्र अजून क्रेनच्याच फोनला चिकटून होतो. शेवटी सौ. कडाडली, ‘अहो, गाडी राहू द्या उद्यापर्यंत! आधी १०८ ला फोन करा!’

तेवढ्यात उसाची खेप टाकून परतणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं विचारपूस फारशी केलीच नाही. लेकराकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘वस्तीवर लाईट हाय. चला, बसा.’ पोरीला आणि तिच्या आईला त्यानं आधी पोचवलं, मग परत येऊन साखळदंडानं आमचा वाडा ओढत नेला. त्याच्या घरच्या बोर्डात पिन खोचली आणि यंत्राची घरघर सुरू झाली. तो आवाज ऐकून आम्ही सगळेच श्वास घ्यायला लागलो. पाऊण तासात १०८ ची रुग्णवाहिका आली. डॉक्टरनं तपासलं, औषध दिलं, थांबून पाहिलं आणि मगच गेले. दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावचा मिस्त्री मोटारसायकलवर आला, जालन्याहून क्लच प्लेट एसटीतून आली आणि चार वाजता आम्ही मार्गी लागलो.

घरी आल्यावर मी ती पॉलिसी चष्मा पुसून वाचली. वाचल्यावर कळलं, की कंपनीनं आम्हाला फसवलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

आधी एक मूळ गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सक्तीचा असतो तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा. स्वतःच्या गाडीचा विमा ऐच्छिक, आणि त्यातही यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळतो, पण जुन्या प्रमाण पॉलिसीत खासगी मोटारीसाठी त्याला १५०० रुपयांची मर्यादा होती. म्हणून हे जादा कव्हर. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही. विचारून घ्या, एवढंच म्हणेन.

पहिला प्रश्न गाडीचा. हे कव्हर माझ्या गाडीच्या वजनाला, लांबीला, उंचीला चालतं का? अमेरिकेतही साधी मोटार ओढणारी क्रेन आरव्हीला पुरत नाही, त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे त्यात आणखी एक मेख आहे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या बांधणीत केलेला बदल आरटीओच्या परवानगीनं नोंदपुस्तकात चढवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो. मेहुण्यानं दोन्ही केलं नव्हतं. त्या रात्री प्रश्न क्लचचा होता म्हणून निभावलं. अपघात झाला असता तर मूळ दाव्यावरच गदा आली असती.

दुसरा प्रश्न अंतराचा. मोफत किलोमीटर किती, ते कुठून मोजतात, आणि आपल्या तालुक्याला सगळ्यात जवळची क्रेन कोणत्या गावी असते? हा प्रश्न हप्ता भरण्यापूर्वी त्याच मदतीच्या नंबरवर विचारावा. जाहिरातीत ‘देशभर’ असं लिहिलेलं असतं. पण देशभरमध्ये मंठा, जाफराबाद आणि भोकरदनची आडवाट येते की नाही, हे फोनवरच कळतं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तुमचा माणूस पोचू शकला नाही तर मी गावातला मिस्त्री बोलावू का, आणि त्याची पावती तुम्ही मानाल का? बहुतेक ठिकाणी आधी फोनवर मंजुरी लागते. आम्ही ती मागितली नाही. आमची पावती परत आली. याशिवाय वर्षातून किती वेळा मदत मिळते, काळ्या मातीत रुतलेली गाडी ‘बिघाड’ धरतात का, हेही विचारावं. आणि हीच सेवा गाडीच्या वॉरंटीत आधीच मिळालेली नाही ना, ते पाहावं. एकाच क्रेनचे पैसे दोनदा भरणारी मंडळी मी पाहिली आहेत.

काही मदत तर विमा न घेताही मिळते. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा नंबर आहे. वडीगोद्री, शहागडवरून जाणाऱ्या धुळे-सोलापूर रस्त्यावर तो उपयोगी पडतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, त्याचीही स्वतःची व्यवस्था आहे. पण महामार्ग सोडून आत वळलं की ती मदत मागे राहते. आणि माणसासाठी १०८. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ही सेवा सुरू झाली. गाडीची मदत वेगळी, माणसाची वेगळी. संकटात ही गल्लत आमच्यासारखे शिकलेलेच करतात.

इंग्लंडात १९०५ मध्ये मोटारवाल्यांची संघटना निघाली, तेव्हा तिचे सायकलवरचे पहारेकरी सभासदांना सलाम ठोकत. सलाम केला नाही तर पुढे पोलीस वेग मोजत बसलेत असं समजायचं! मुंबईतही १९१९ मध्ये अशी संस्था उभी राहिली. म्हणजे ही सेवा मुळात एका रस्त्यानं जाणाऱ्यांनी एकमेकांची काळजी वाहावी यातून आली. पुढे तिची पॉलिसी झाली. आमच्या त्या रस्त्यावर ती अजून मूळ रूपातच आहे.

निघताना ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊ केले. त्यानं हात जोडले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘ट्रॅक्टरचा विमा आहे ना?’

‘असंल की,’ तो म्हणाला. ‘बँकवालेच कापून घेतेत दरसाल. कागद काय आपण पाह्यला न्हाई.’

अशी शेकडो ट्रॅक्टर कर्जं मी मंजूर केली आहेत. पेन पुढे करून, फुलीवर बोट ठेवून, ‘इथं सही करा’ म्हणत आलो. त्यातल्या एकालाही मी विम्याचा कागद वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. त्याला म्हटलं, ‘शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. ती तुमची आहे.’ त्यानं मान हलवली; जाईल असं वाटलं नाही. म्हणून मग मीच पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर गेलो.