घरातील हवा आणि लोणेऱ्याचे विद्यापीठ

महाडहून मुंबईच्या वाटेने उत्तरेस निघाले असता माणगाव तालुक्यात महामार्गालगत लोणेरे हे गाव लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे हे स्थान. १९८९ च्या कायद्याने ते स्थापन झाले, आणि २०१४ च्या नव्या कायद्याने राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार त्यास मिळाला. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला गेला, त्याच्या शेजारी हे विद्यापीठ असावे हे उचितच होय.

तंत्रविद्यापीठाचे संशोधनबळ कशावरून मोजावयाचे? इमारतींवरून व पदव्यांच्या संख्येवरून ते कळत नाही. भोवतालच्या मुलखाचे कोणते प्रश्न त्याच्या प्रयोगशाळेत शिरतात, यावरून ते अधिक कळते. लोणेऱ्यास रसायन, पेट्रोरसायन, यंत्र, स्थापत्य, विद्युत, अणुविद्युत व संगणक अशा शाखा आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. पोलादपूरकडील डोंगर पावसाळ्यात खचतात. रसायनज्ञास आणि स्थापत्यविशारदास याहून मोठी पाठशाळा कोठे मिळणार? तथापि या सर्व शाखांना एकत्र बसविणारा एक विषय असा आहे की, त्याकडे सुशिक्षितांचेही लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे घरातील हवा.

हवा बिघडते ती रस्त्यावर व कारखान्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच दाखवून दिले होते की, माणसांनी भरलेल्या बंद खोलीतील हवा किती शिळी झाली, हे तीतील कार्बन डायऑक्साइडवरून ओळखता येते. हजार भागांत एक भाग ही त्यांनी घालून दिलेली मर्यादा आजही मार्गदर्शक मानली जाते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० असते. दहा फूट लांब, दहा रुंद व दहा उंच अशा खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. निजलेला मनुष्य तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून निजली, तर पाव तासातच पेटेनकोफरची मर्यादा ओलांडली जाते. घरास फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ थोडा अधिक लागतो इतकेच.

पोलादपूरच्या खोऱ्यातील जुन्या कौलारू घराची रचना या दृष्टीने शहाणपणाची होती. स्वयंपाकघरात चूल, वर माळा, माळ्यावर सरपण व बियाणे, आणि वर कौलांच्या फटी. धूर वाटेत लाकूड वाळवी, बियाण्यास कीड लागू देत नसे, आणि फटींतून निघून जाई. अर्थात तो डोळ्यांत व छातीतही जाई, हे विसरून चालणार नाही. आता कौलांची जागा पत्रा व स्लॅब घेत आहेत. घर पक्के झाले, पण जेथे चूल राहिली तेथे धुराची वाट बुजली. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात वर्षाचे चार महिने खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि सरपणही ओलसर असते. हिवाळ्यात पहाटे सावित्रीच्या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते व गावाचा धूर छपरांवरच लोंबकळत राहतो.

या धुराचे मोजमाप शेजारच्या गुजरातेत झाले. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर लहान यंत्रे बांधून त्या किती धूर श्वासात घेतात ते मोजले, आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या आयआयटीतील चंद्रा वेंकटरामन व सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले की, दक्षिण आशियाच्या आकाशातील काजळीत घरगुती सरपणाचा वाटा मोठा आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली लिहिले की, आयुष्यात विडी न ओढलेल्यांनाही दम्यासारखा चिवट फुप्फुसविकार जडतो, आणि त्याचे एक प्रमुख कारण चुलीचा धूर असावा.

उपाय म्हणून १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस पोचला. तरी अंघोळीचे पाणी व भाकरी यांसाठी अनेक घरी चूल पेटतेच. सिलिंडर भरावयास पैसे लागतात आणि सरपण रानात मिळते, हा हिशेब बाईला कोणी शिकवावयास नको. भारतासह चार देशांत गरोदर स्त्रियांना गॅस देऊन झालेल्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ साली आला. धूर पुष्कळ घटला, परंतु बालकांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. विज्ञान असे उत्तर देते तेव्हा ते लपवू नये. धूर अपायकारक आहे यात त्याने बाधा येत नाही. अपाय केव्हा व कोठे मोडून काढता येईल, एवढाच प्रश्न नव्याने उभा राहतो.

लोणेऱ्यासारख्या विद्यापीठास खरे काम आहे ते येथे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याइतके बारीक कण मोजणारी स्वस्त यंत्रे आता मिळतात. ती कणांवर प्रकाश टाकून मोजतात. कोकणाच्या दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगते. दिल्लीच्या कोरड्या हवेत जुळवलेले यंत्र पोलादपुरात जुलै महिन्यात विश्वासास पात्र नाही. म्हणून गाळणपत्रावर कण जमवून ते तोलावयाचे आणि त्यावरून यंत्र सुधारावयाचे. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते झाल्यावाचून पुढचे सारे आकडे पोकळ ठरतात. यात रसायन, विद्युत व संगणक या तिन्ही शाखांचे हात लागतात. धुराडे छपराच्या कण्यापेक्षा किती उंच काढावे, पावसाची टोपी कशी बसवावी म्हणजे ओढ कमी होणार नाही, हे यंत्रशाखेचे काम.

स्थापत्यशाखेपुढे निराळाच प्रश्न आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. पाणी ओसरले तरी भिंतींनी पिऊन ठेवलेले पाणी पुष्कळ दिवस आतच राहते. घाईने रंग दिला की ओल कोंडते, बुरशी येते, आणि तिचे बीजाणू खोलीच्या हवेत उडत राहून दमेकऱ्यांस छळतात. अशा घरात यंत्राची गरज नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीस चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या अंगास दव धरले तर भिंत अजून ओली आहे असे समजावे, आणि रंगाऱ्यास परत पाठवावे.