कशाच्या किती? आकड्यांची तुलना आणि इंग्रजी वळणाची भाषा

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक इंदापूरकडचे आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण ‘मायनस साठ टक्क्यां’च्या आसपास गेलं होतं. हा शब्द आता आपल्या तोंडात इतका बसलाय, की पारावर बसलेला सत्तर वर्षांचा माणूससुद्धा ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं सहज म्हणतो. मी त्याच काळात एकाला विचारलं, म्हटलं, मायनस साठ म्हणजे काय? तो म्हणाला, ‘सर, म्हणजे पाणी संपलंच, वर साठ टक्के देणं झालं.’ आपण हसतो, पण त्याचं काही चुकलेलं नाही. हिशेबाच्या वहीत उणे म्हणजे देणंच असतं. चूक शब्दाची आहे.

आता आकडे बघा. उजनीचा मृत साठा ६३.६६ टीएमसी धरलेला आहे आणि त्याच्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या ५३.५७ ची. म्हणून शून्य टक्के म्हणतात तेव्हा धरणात जवळपास ६४ टीएमसी पाणी असतं. उणे साठ म्हणतात तेव्हा ५३.५७ च्या साठ टक्के इतकं पाणी त्या चौसष्टातून गेलेलं असतं, आणि साधारण साडेएकतीस टीएमसी शिल्लक असतं. (गाळ किती साचलाय ते यात धरलेलं नाही, तो वेगळा विषय आहे.) बारामतीकरांचा जीव ज्याच्यावर आहे ते भाटघर धरण काठोकाठ भरलं, तरी त्यात साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे ‘उणे साठ टक्के’ उजनीत ‘शंभर टक्के’ भाटघरापेक्षा जास्त पाणी होतं.

म्हणजे सरकारी आकडा खोटा होता का? मुळीच नाही. ज्याने धरणाचं नियोजन करायचं, त्याला उपयुक्त साठाच मोजायचा असतो. पण ती त्याची गरज झाली. आपल्यापर्यंत येताना ‘उपयुक्त साठ्याच्या’ हे दोन शब्द गळून पडले आणि नुसतं ‘मायनस साठ’ उरलं. पुढे ऑगस्टमध्ये धरण शंभरावर गेलं, तेव्हा उणे साठपासून शंभर म्हणजे १६० टक्के वाढ, असा हिशेब मी लोकांच्या तोंडून ऐकला. प्रत्यक्षात साडेएकतीसचे ११७ झाले होते, म्हणजे पावणेचार पट.

इथून माझ्या मूळ विषयाकडे येतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गणित नाही. पण तुलना हा आमच्याकडचा फार जुना प्रश्न आहे. आपण मराठीत ‘पेक्षा’ म्हणतो ना, तो शब्द संस्कृतातल्या ‘अपेक्षे’तून आलाय. अपेक्षा म्हणजे इथे आशा नव्हे. एका गोष्टीला दुसरीची लागणारी गरज. सापेक्ष म्हणतो तो अर्थ. वैशेषिक दर्शनात, प्रशस्तपादांच्या भाष्यात, असा विचार आहे, की ‘एक’ वस्तूत असतो, पण ‘दोन’पासून पुढची संख्या उपजायला पाहणाऱ्याची ‘अपेक्षाबुद्धी’ लागते. ‘हा एक आणि हा एक’ असं कुणीतरी एकत्र धरल्याशिवाय दोनपणा येत नाही. तुम्हाला ते मत पटो न पटो, मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: आकडा कुणीतरी कशाशी तरी जोडून धरलेला असतो. तो कशाशी जोडला, हे ऐकू आलं नाही, तर आकडा कळला असं होत नाही.

मराठी हे जोडकाम प्रत्ययांनी करते. ‘वीसच्या तिप्पट’ म्हटलं की साठ. ‘वीसपेक्षा तीनने जास्त’ म्हटलं की तेवीस. ‘दहा टक्क्यांनी घटला’ आणि ‘दहा टक्क्यांवर आला’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ‘नी’ आणि ‘वर’ एवढ्यात मावतो. इंग्रजीतही हा भेद आहेच, ‘बाय’ आणि ‘टू’ या दोन शब्दांत. पण रोजच्या इंग्रजीत एक ढिला प्रयोग रुळला: ‘थ्री टाइम्स मोअर’. यातला ‘टाइम्स’ गुणाकार सांगतो आणि ‘मोअर’ बेरीज. मग वीसच्या ‘थ्री टाइम्स मोअर’ किती, साठ की ऐंशी? इंग्रजी भाषेचे जाणकारही यावर भांडत आलेत. आपण त्याचं शब्दशः भाषांतर केलं, ‘तीन पट जास्त’, आणि भांडणही आयात केलं. आत्ता इथेच बघू. गेल्या वर्षी वीस टन, यंदा तीन पट जास्त. साठ म्हणणाऱ्यांनी हात वर करा. आता ऐंशीवाल्यांनी. बघा, या बाजूचे सगळे बागायतदार दिसतात. (हशा)

पण सगळ्यात मोठी गंमत ‘पाच पट कमी’ची. माझ्या कानाला दुप्पट, तिप्पट हे शब्द बाळाच्या दुपट्याच्या शेजारचे वाटतात; कापडाच्या घड्या. कापडाला पाच घड्या घातल्या तर ते जाड होईल, कमी कसं होईल? आपल्या आजीने हे ‘पाचवा हिस्सा’ असं सांगितलं असतं. आज वर्तमानपत्रात सर्रास ‘पाच पटींनी कमी’ छापतात आणि कुणाला खटकत नाही.

यात फक्त भाषाशुद्धीचा प्रश्न नाही. १९८३ साली हडसन नावाच्या संशोधकाने लहान मुलांना एक चित्र दाखवलं: काही पक्षी आणि त्यांच्याहून कमी अळ्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत?’ असं इंग्रजीत विचारलं, तेव्हा पहिलीच्या मुलांपैकी जवळपास दोन तृतीयांश मुलांनाच बरोबर सांगता आलं. ‘प्रत्येक पक्षी अळी पकडायला गेला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ असं विचारल्यावर सगळ्यांना आलं. मुलं तीच होती, वजाबाकीही तीच. आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या वर्गात मुलांना गणित कठीण जातं, तेव्हा आधी प्रश्नाचं वाक्य तपासावं, असं माझं मत आहे.

पावसाचंही तसंच. २०२४ च्या एप्रिलमध्ये हवामान खात्याने देशात दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला. ती सरासरी ८७ सेंटीमीटर, म्हणजे अंदाज साधारण ९२ सेंटीमीटरचा. ठळक मथळ्यात उरलं ‘१०६ टक्के पाऊस’. ऐकणाऱ्याला वाटलं, शंभराच्या वर गेलं म्हणजे अतिवृष्टी. होती ती सहा टक्के वाढ, तीही अख्ख्या देशाच्या सरासरीवर. आपल्या पर्जन्यछायेतल्या जिरायत पट्ट्याला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

आता उसाकडे येतो, कारण इथे आकड्याची किंमत थेट पट्टीत दिसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, तुमचा कारखाना कुठलाही असो, एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, आणि ती साखर उताऱ्याच्या एका पायाला बांधलेली असते. लोक त्याला ‘बेस’ म्हणतात. २०१७-१८ च्या हंगामात दर होता टनाला २,५५० रुपये, बेस साडेनऊ टक्के. पुढच्या हंगामात दर झाला २,७५०. बातमी आली, ‘एफआरपीत टनाला दोनशेची वाढ’. पण त्याच निर्णयात बेस साडेनऊवरून दहा टक्के झाला होता, आणि तो बातमीच्या पोटात कुठेतरी होता.

आपण हिशेब करू. समजा, तुमच्या कारखान्याचा उतारा ११ टक्के आहे. जुन्या दराने साडेनऊच्या वर प्रत्येक ०.१ ला टनामागे २६ रुपये ८० पैसे मिळायचे. साडेनऊपासून अकरापर्यंत असे पंधरा टप्पे, म्हणजे ४०२ रुपये. एकूण २,९५२. नव्या दराने दहाच्या वर प्रत्येक ०.१ ला साडेसत्तावीस रुपये, दहा टप्पे, २७५ रुपये. एकूण ३,०२५. वाढ किती झाली? ७३ रुपये. दोनशे आणि ७३! ‘दोनशेची वाढ’ हे वाक्य खोटं नव्हतं. दोन आकड्यांमधला फरक दोनशेच होता. पण ते दोन आकडे वेगवेगळ्या उताऱ्याच्या उसाचे होते. आंबट दूध आणि गोड दूध यांच्या दरातला फरक काढावा, तसं. २०२२-२३ ला पुन्हा हेच झालं. दर २,९०० वरून ३,०५०, बेस दहावरून सव्वादहा. अकरा उताऱ्याला खरी वाढ ८८ रुपये ७५ पैसे, आणि जाहीर झाली दीडशेची. बेस वाढवणं योग्य की अयोग्य, यावर मी बोलत नाही. त्यावर शेतकरी संघटना माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी एवढंच म्हणतो, की ‘वाढ’ या शब्दाला ‘कशावर’ हे शेपूट हवं होतं.

याच आदेशातलं आणखी एक. ‘उताऱ्यात ०.१ टक्का वाढीमागे इतके रुपये’ असं लिहिलेलं असतं. तर्काने वाचलं तर सव्वादहाचा ०.१ टक्का म्हणजे अगदीच नगण्य काहीतरी, ०.०१०२५. म्हणायचं असतं ते सव्वादहावरून १०.३५. उतारा १०.२५ वरून ११.२५ झाला, तर तो ‘एक टक्क्याने वाढला’ हेही आपण म्हणतो, आणि ‘पावणेदहा टक्क्यांनी वाढला’ हेही हिशेबाने बरोबरच आहे. इंग्रजीत हा घोळ टाळायला ‘पर्सेंटेज पॉइंट’ असा शब्द आहे, पण बोलताना इंग्रजही तो खातात. आपल्याकडे ‘टक्केबिंदू’ हा शब्द आहे, तो अजून कुणाच्या तोंडात बसलेला नाही.

सगळा दोष इंग्रजीवर टाकून मोकळं होण्यात मला रस नाही. ‘उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव’ हे किती स्वच्छ मराठी आहे! ‘दीडपट’मध्ये शंकेला जागा नाही. पण खर्च कुठला? खिशातून गेलेला आणि घरच्यांच्या मजुरीचा, की त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरायचं? स्वामिनाथन आयोगाचा अहवाल २००६ सालचा, आणि इतक्या वर्षांनी वाद याच एका शब्दावर अडलाय. तिथे भाषेने पाया दाखवायची सोय केली होती, माणसांनी तो मोघम ठेवला.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला त्यांची चार एकर. मुलाच्या फीसाठी आणि लागवडीसाठी एक लाख हवे होते. बँकेचा कागद घरात होता, इंग्रजीत, त्यावर ‘बारा टक्के पी. ए.’ असं छापलेलं. पी. ए. म्हणजे पुढाऱ्यांचे असतात ते, एवढंच त्यांना ठाऊक. दुसरीकडे गावातला एकजण ‘शेकडा तीन’ने द्यायला तयार होता. तुम्हाला माहीतच आहे, गावात शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन. तसं कुणी म्हणत मात्र नाही, म्हणायची गरजही नसते. त्यांनी पैसे तिथून घेतले. मला कळलं तेव्हा मी जरा रागावूनच विचारलं, ‘अहो, बँक सोडून तिकडे का गेलात?’

ते म्हणाले, ‘सर, मी शिकलेला नाही, पण बारा आणि तीन यात मोठा आकडा कोणता, ते मला कळतं की.’

मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं: लाखाला बँकेचे वर्षाचे बारा हजार, त्यांचे छत्तीस हजार. त्यांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मग कोनाड्यातून कालनिर्णय काढून महिने मोजले. आठ झाले होते.