पुसण्याची किंमत

संगणक तापतो, याचे एक मूलभूत कारण म्हणजे तो माहिती पुसत असतो. एक बिट पुसला की काही किमान उष्णता बाहेर पडणे अटळ आहे, हे रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. 'अँड' गेटचे उत्तर शून्य आले, तर मूळचे दोन अंक कोणते होते हे सांगता येत नाही. ती माहिती नष्ट झालेली असते. माहिती न पुसताही गणन शक्य आहे, हे चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. १९८० मध्ये टोमासो टोफोली यांनी तीन अंक घेऊन तीन अंक देणारे, उत्तरावरून मूळ अंक परत मिळवून देणारे गेट मांडले. अशा प्रोसेसरमध्ये विजेची बरीचशी ऊर्जा परत मिळवता येते. मात्र त्यासाठी गणनाची गती कमी करावी लागते.

डेटा सेंटर थंड ठेवण्यासाठी वीज आणि अनेक ठिकाणी पाणीही खर्ची पडते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला हा प्रश्न परका वाटू नये. अशा गेटांची रचना अभ्यासण्यास कागद, पेन्सिल आणि साधा संगणक पुरतो. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी ती हाती घ्यावी. ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत अशा प्रश्नांची तयारी 'लातूर पॅटर्न'ने उत्तम करून घेतली. आता उत्तर न सापडलेल्या प्रश्नाकडे वळण्यास काय हरकत आहे?